कर्करोगानंतरचे नाक : कपाळाच्या त्वचेतून पुनर्रचना

नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकपुडीच्या कडेला एखादा काळसर ठिपका उमटतो. काही महिन्यांनी त्यावर खपली धरते, ती निघाली की थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तो तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो. काही जण त्यावर चुना किंवा तत्सम दाहक लेप लावतात. वरची खपली जळून जाते, खालची गाठ मात्र शाबूत राहते आणि त्वचेखाली पसरत जाते. त्वचेच्या कर्करोगाचे असे रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात तेव्हा काढावा लागणारा भाग मुगाच्या दाण्याएवढा राहिलेला नसतो. अर्धी नाकपुडी किंवा नाकाचा शेंडाच काढण्याची वेळ आलेली असते.

या विलंबामागे अज्ञानाइतकीच भीतीही असते. ‘नाक कापले जाणे’ या शब्दप्रयोगात आपल्या भाषेने जेवढी अप्रतिष्ठा भरून ठेवली आहे, तेवढी दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वाट्याला आलेली नाही. शस्त्रक्रिया म्हटली की नाक जाणार आणि ते गेले की तोंड दाखवता येणार नाही, असे रुग्ण व त्याचे कुटुंबीय गृहीत धरतात. वास्तविक, काढलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्या शल्यशास्त्राच्या सर्वांत जुन्या विद्यांपैकी एक आहे आणि तिच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेपासून मोजला जातो. मात्र नवे नाक एका दिवसात उभे राहत नाही. त्याला टप्पे आहेत, प्रतीक्षा आहे आणि या प्रतीक्षेची कल्पना रुग्णाला आधी असणे हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे.

आधी रोग, मग रूप

त्वचेच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. वर्षानुवर्षे पडणारे ऊन हे त्याचे प्रमुख कारण असल्याने चेहरा, आणि चेहऱ्यातही पुढे आलेले नाक, हे त्याचे आवडते ठिकाण आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याचे संरक्षण असल्याने भारतीयांत तो गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या तुलनेत बराच कमी आढळतो. पण ‘कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. शिवाय आपल्या त्वचेत ही गाठ बहुधा काळी किंवा निळसर काळी दिसते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील मोत्यासारख्या चमकदार, गुलाबी गाठीशी तिचे साम्य नसते आणि त्यामुळे ती तिळात सहज खपून जाते. हा कर्करोग शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. जिथे उगवतो तिथेच तो खोल जातो आणि त्वचा, कूर्चा, हाड असे जे समोर येईल ते पोखरतो.

दुसरा प्रकार स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो अधिक वेगाने वाढतो, मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याची तपासणी नाकापुरती मर्यादित ठेवता येत नाही. वर्णहीनता, म्हणजे ज्याला बोलीत ‘कोड’ समजण्याची गल्लत होते ती जन्मजात रंगद्रव्यहीन अवस्था, किंवा झीरोडर्मा पिग्मेंटोसम हा आनुवंशिक विकार असलेल्यांना तो तरुणपणीच, कधी बालपणीही होतो. मेलॅनोमा हा तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार नाकावर तुलनेने विरळ आहे.

निदान बायोप्सीनेच होते. संशयित भागाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कोणताही तीळ जाळू वा खरवडू नये, हे त्वचारोगतज्ज्ञांचे सांगणे नाकाच्या बाबतीत तर अपवादाविना पाळण्याजोगे आहे.

शस्त्रक्रियेत गाठीबरोबर तिच्याभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते, कारण गाठीची मुळे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा दूर गेलेली असू शकतात. लहान व कमी जोखमीच्या बेसल सेल कार्सिनोमासाठी हे अंतर साधारण ४ मिलिमीटर धरले जाते. पाठीवर ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. नाकपुडीच्या कडेवर ४ मिलिमीटर म्हणजे कधी कधी संपूर्ण कड. इथेच शल्यविशारदाची कसोटी लागते. कमी काढले तर रोग राहतो, जास्त काढले तर नाक जाते.

या पेचातून मार्ग काढणाऱ्या पद्धतीला अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॉ. फ्रेडरिक मोह्ज यांचे नाव आहे. त्यांनी १९३०च्या दशकात ती विकसित केली. गाठीचा दिसणारा भाग काढल्यावर तळातून व कडेने एक पातळ थर बशीच्या आकारात कापला जातो. त्याचा नकाशा काढून, तो गोठवून, त्याची संपूर्ण खालची बाजू आणि कड त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. जिथे कर्करोगाच्या पेशी उरलेल्या दिसतील तेवढ्याच जागेवरून पुढचा थर काढायचा आणि सर्व बाजू स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचे. प्रथमच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमामध्ये या पद्धतीनंतर पाच वर्षांत रोग न उलटण्याचे प्रमाण सुमारे ९८ ते ९९ टक्के आहे. निरोगी त्वचाही वाचते, ते वेगळेच.

भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती नसली म्हणजे उपचार दुय्यम ठरतो असे नव्हे. शस्त्रक्रिया चालू असतानाच कडांचे नमुने गोठवून तपासता येतात. किंवा गाठ काढून जखमेवर मलमपट्टी करायची, सविस्तर अहवालाची काही दिवस वाट पाहायची आणि कडा रोगमुक्त असल्याचे लेखी कळल्यावरच पुनर्रचना करायची. हा दुसरा मार्ग रुग्णाला नकोसा वाटतो, कारण मधले दिवस उघड्या जखमेनिशी काढावे लागतात. पण कडांची खात्री नसताना वर सुंदर त्वचा ओढून घेणे म्हणजे घरात चोर असताना बाहेरून कुलूप लावण्यासारखे आहे. नव्या त्वचेखाली उरलेला रोग पुढे वाढला तर तो उशिरा ध्यानात येतो आणि तोवर बांधलेले नाकही हातचे जाते.

तीन थर, नऊ भाग

नाक बाहेरून एक दिसते. आतून ते तिहेरी आहे. बाहेर त्वचा, मध्ये कूर्चा व हाडांचा सांगाडा आणि आत ओलसर श्लेष्मल अस्तर. कर्करोग काढताना यांपैकी किती थर गेले यावर पुढचे सर्व अवलंबून असते. नुसती त्वचा गेली असेल तर काम सोपे. तिन्ही थर आरपार गेले असतील तर तिन्ही नव्याने द्यावे लागतात. अस्तर न देता वरून त्वचा घातली तर ती उघडी आतली बाजू भरून येताना आक्रसते आणि नाक वर ओढले जाते. सांगाडा दिला नाही तर श्वास आत घेताना नाकपुडी चिकटते. म्हणजे नाक दिसायला हवे तसे ते वाहायलाही हवे.

त्वचाही सर्वत्र सारखी नसते. दांड्याच्या वरच्या भागात ती पातळ व सैल असते, चिमटीत धरता येते. शेंड्यावर आणि नाकपुड्यांवर ती जाड, तेलकट आणि खाली घट्ट चिकटलेली असते. त्यामुळे वरच्या भागातील छोटी जखम आजूबाजूची त्वचा सरकवून सहज मिटते, तेवढीच जखम शेंड्यावर असेल तर टाके घालताच शेंडा एका बाजूला वाकतो.

अमेरिकी शल्यविशारद गॅरी बर्जेट आणि फ्रेडरिक मेनिक यांनी १९८५मध्ये एक तत्त्व मांडले, ज्याने या शस्त्रक्रियेचा दृष्टिकोन बदलला. प्रकाश आणि सावली यांच्या नैसर्गिक सीमारेषांवरून त्यांनी नाकाचे नऊ भाग मानले : दांडा, शेंडा, दोन नाकपुड्यांमधला खांब, दोन बाजूच्या भिंती, दोन नाकपुड्या आणि शेंड्याखालचे दोन मऊ त्रिकोण. एखाद्या भागाचा निम्म्याहून अधिक अंश गेला असेल, तर उरलेला निरोगी अंशही काढून तो पूर्ण भाग नव्याने बसवावा, असे हे तत्त्व सांगते. ऐकताना ते उलटे वाटते. जी त्वचा वाचली ती का काढायची? उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. नाकपुडीच्या मधोमध गेलेला व्रण ठिगळासारखा दिसतो. तोच व्रण नाकपुडी आणि गाल यांच्यामधल्या नैसर्गिक घडीत लपला की नजर त्यावर थांबत नाही. हा नियम सर्वच शल्यविशारद काटेकोरपणे पाळत नाहीत आणि व्रण गडद किंवा उंचवटेदार होण्याची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत निरोगी भाग काढण्यापूर्वी दोनदा विचार करणे योग्यच आहे.

लहान जखमेचे मार्ग

प्रत्येक रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकाची भिंत यांच्यामधल्या खोलगट जागेतली उथळ जखम नुसत्या मलमपट्टीने काही आठवड्यांत भरून येते आणि चांगली दिसते. अन्य ठिकाणी कानापुढची, कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची त्वचा काढून जखमेवर बसवता येते. हे त्वचारोपण एकाच वेळेत उरकते, पण रंग व पोत जुळेलच असे नाही. सावळ्या त्वचेत असा तुकडा भोवतालापेक्षा गडद किंवा फिका पडून नजरेत भरतो.

शेंड्याजवळची साधारण दीड सेंटिमीटरपर्यंतची जखम वरच्या सैल त्वचेतून दोन पाकळ्यांसारखे भाग फिरवून झाकता येते. पहिली पाकळी जखम झाकते, दुसरी पहिलीची जागा भरते आणि दुसरीची जागा सरळ टाक्यांनी मिटते. नाकपुडीसाठी नाक आणि ओठ यांच्या दरम्यानच्या घडीतून गालाची त्वचा आणता येते. पुरुषांत मात्र तिथे दाढीचे केस असतात, हे विसरून चालत नाही.

जखम याहून मोठी असेल, खोल असेल, शेंडा आणि नाकपुडी दोन्ही व्यापत असेल, तेव्हा कपाळाकडे वळावे लागते.

पुण्याहून लंडनला गेलेली पद्धत

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एक पत्र आणि एक चित्र छापले गेले. कावसजी या नावाने नोंदलेला एक मराठा शेतकरी इंग्रज सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत होता. म्हैसूरच्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि नंतर पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याच्या सेवेतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. रुग्णाचे नाव राहिले, साक्षीदारांची नावे राहिली. हात ज्याचे होते तो इतिहासात केवळ जातीने उरला.

कृती मात्र तपशिलाने नोंदली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा आकार घ्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी त्वचा सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी न कापता तशीच ठेवायची. नाकाच्या थोटकाची जुनी व्रणयुक्त कड तासून ताजी करायची, कपाळाची त्वचा अर्धी पीळ देऊन खाली आणायची आणि थोटकाभोवती घेतलेल्या छेदात तिची कड बसवायची. टाके नाहीत, पाण्यात भिजवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून जोड धरून ठेवायचा. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. सुरुवातीचे पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची.

या पट्टीतच सर्व काही आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून खाली आणलेली त्वचा मरत नाही. दरम्यान नाकाच्या जागेवरून नव्या रक्तवाहिन्या त्या त्वचेत शिरतात आणि तीनेक आठवड्यांनी ती स्वतःच्या पायावर उभी राहते. त्या कारागिराला रक्ताभिसरणाची शास्त्रीय परिभाषा अवगत असणे संभवत नाही, पण किती दिवस थांबायचे हे त्याला ठाऊक होते.

हे वर्णन वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४मध्ये, भूल देण्याच्या पद्धतीचा शोध लागण्याआधी, ही शस्त्रक्रिया जिवंत रुग्णावर केली. १८१६मध्ये त्यांनी दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ‘भारतीय पद्धत’ या नावाने ती युरोपभर पसरली. तोवर तिथे सोळाव्या शतकातील बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी यांची, दंडाची त्वचा नाकाला जोडून हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवण्याची रीत माहीत होती.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याचा विधी आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु एक भेद अनेक लोकप्रिय लेखांत पुसला जातो. संहितेत त्वचा गालाच्या बाजूची घ्यावी असे म्हटले आहे, कपाळाची नव्हे. माप घेण्यासाठी तिथे झाडाचे पान सांगितले आहे आणि श्वासासाठी दोन नळ्या. कपाळाची रीत केव्हा आणि कोणी सुरू केली हे संहितेतून सिद्ध होत नाही. ती ग्रंथांपेक्षा हातांतून चालत आली असावी. हिमाचलातील कांगडा येथे नाक जोडणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनागढ संस्थानचे वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास शाह यांनी दरोडेखोरांनी नाके कापलेल्या रुग्णांवर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया करून १८८९मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शिक्षा, सूड आणि दरोडा यांनी या देशात नाके गेली आणि त्यातून ही विद्या पोसली गेली. आज तीच विद्या कर्करोगाच्या रुग्णांच्या उपयोगी पडते आहे.

आजचे कपाळ

आजची शस्त्रक्रिया मूळ कल्पनेत फारशी बदललेली नाही. पान आणि मेण यांची जागा टाक्याच्या दोऱ्याच्या वेष्टनातील धातूच्या पातळ कागदाने घेतली आहे. नाकाची निरोगी बाजू मापून, तो कागद उलटा करून, हरवलेल्या बाजूचा नमुना कापतात. पूर्वी कपाळाच्या मधोमध रुंद देठ ठेवत. आता तो भुवईच्या आतल्या टोकापाशी, मध्यरेषेपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर वर चढणाऱ्या धमनीवर, सव्वा ते दीड सेंटिमीटर रुंदीचा ठेवतात. देठ अरुंद असल्याने तो सहज पिळतो, खालपर्यंत पोहोचतो आणि भुवया जवळ ओढल्या जात नाहीत. या त्वचापटाला वैद्यकीय व्यवहारात फ्लॅप म्हणतात.

कपाळाची निवड का? तिथली त्वचा रंगाने, पोताने आणि जाडीने नाकाच्या त्वचेला सर्वांत जवळची आहे आणि रक्तपुरवठा भरपूर आहे. कपाळावरची जागा टाक्यांनी मिटवतात. केसांच्या रेषेजवळ जो भाग मिटत नाही तो उघडाच ठेवतात आणि काही आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. त्यावर घाईने त्वचारोपण केले तर उलट डाग अधिक दिसतो. कपाळ अरुंद असेल तर पटाच्या टोकाला डोक्याचे केस येतात. ते नंतर काढता येतात, परंतु नव्या नाकावर केस उगवू शकतात हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे तीन आठवडे सर्वांत अवघड. भुवईपासून नाकापर्यंत मांसाचा एक पूल चेहऱ्यावर असतो. सुरुवातीच्या दिवसांत त्यातून रक्त पाझरते, पट्टी वारंवार बदलावी लागते, चष्मा नीट बसत नाही, एका डोळ्यासमोर सतत काहीतरी असल्याचे भासते. आरशात पाहून रुग्ण खचतो, नातवंडे जवळ यायला बिचकतात. या काळात नव्या नाकाला बोट लावले तर स्पर्श कपाळाला झाल्यासारखा वाटतो, कारण त्या त्वचेचे मज्जातंतू अद्याप कपाळाशीच जोडलेले असतात. हे अपयशाचे लक्षण नाही. देठ कापल्यावर तो भास जातो, नाक बधिर होते आणि संवेदना महिनोन्‌महिने हळूहळू, काही प्रमाणात, परत येते.

तीन आठवड्यांनी देठ कापून उरलेला भाग भुवईपाशी परत बसवतात. मोठ्या पुनर्रचनेत मेनिक यांनी रूढ केलेला तीन टप्प्यांचा मार्ग घेतला जातो. तिसऱ्या आठवड्यात देठ न कापता नाकावरची त्वचा उचलतात, तिच्याखालची चरबी व स्नायू काढून ती पातळ करतात, सांगाडा घडवतात आणि पुन्हा बसवतात; देठ सहाव्या आठवड्यात कापला जातो. रुग्णाला हा मधला टप्पा अनावश्यक छळ वाटतो. पण जाड कपाळाची त्वचा तशीच राहिली तर नाक बटाट्यासारखे दिसते, आणि ती पहिल्याच दिवशी पातळ केली तर, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, तिचे टोक काळे पडण्याचा धोका असतो. काही महिन्यांनी घड्या ठळक करणे, व्रण सपाट करणे अशी किरकोळ कामे उरतात. पहिल्या छेदापासून अंतिम रूपापर्यंत बहुतेकदा सहा महिने ते वर्ष जाते.

आतला सांगाडा

कावसजीच्या नाकात जे नव्हते, ते आधुनिक शल्यशास्त्राने दिले : अस्तर आणि आधार. नुसत्या त्वचेचे नाक सुरुवातीला भरीव दिसते, पण कालांतराने आक्रसते आणि बसते, हे एकोणिसाव्या शतकातच शल्यविशारदांच्या ध्यानात आले होते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे चेहरे घडविणारे हॅरॉल्ड गिलीज यांच्या कामात तिन्ही थरांचा विचार स्पष्ट दिसतो.

आज कूर्चा कानाच्या खोलगट भागातून, नाकाच्या मधल्या पडद्यातून किंवा मोठी गरज असल्यास बरगडीतून घेतात. कानाचा आकार त्याने बिघडत नाही; व्रण मागे लपतो. एक विशेष असा की नाकपुडीच्या मोकळ्या कडेला निसर्गतः कूर्चा नसते, तरीही नव्या नाकपुडीत ती घालावीच लागते. नैसर्गिक नाकपुडी आपल्या घट्ट बांधणीने उभी राहते. नव्याने आणलेली त्वचा भरून येताना आक्रसते आणि आधार नसेल तर कड वर उचलली जाऊन खाच पडते. निसर्गाची हुबेहूब नक्कल केल्याने इथे भागत नाही.

अस्तरासाठी नाकाच्या पडद्यावरील श्लेष्मल आवरण फिरवून आणतात किंवा कपाळाचाच पट लांब घेऊन त्याचे टोक आत दुमडतात. संपूर्ण नाकच गेले असेल तर मनगटाजवळची पातळ त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली चेहऱ्यावरील रक्तवाहिन्यांना जोडतात आणि तिचे अस्तर करतात. वर बरगडीचा सांगाडा, त्यावर कपाळ. अशा शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांतच होतात आणि तिथेही सर्वांना त्या मानवतातच असे नाही. भारतात सुघटन शल्यचिकित्सेचे आरंभीचे विभाग उभे राहिले त्यांत डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात घडविलेला विभाग होता. आता बहुतेक मोठ्या शासकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे, आणि कपाळाच्या त्वचापटाची शस्त्रक्रिया त्याच्या नित्याच्या कामात मोडते. जिल्ह्याच्या गावातून थेट महानगरातील खासगी रुग्णालय गाठण्यापूर्वी तिथे विचारणा करावी.

वय फार झालेले, हृदयविकाराने भूल न सोसणारे, किंवा रोग उलटण्याची शक्यता मोठी असलेले रुग्ण सिलिकॉनचे कृत्रिम नाक वापरू शकतात. ते चिकट द्रव्याने किंवा हाडात बसविलेल्या खिळ्यांवरील चुंबकांनी धरले जाते. रात्री काढून ठेवता येते, आतली पोकळी डॉक्टरांना थेट तपासता येते आणि चेहऱ्याशी त्याचे साम्य पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या नाकापेक्षाही अधिक असते. ते दुय्यम दर्जाचे समजण्याचे कारण नाही. उन्हाने त्याचा रंग विटतो आणि काही काळाने ते बदलावे लागते, एवढे मात्र खरे.

तंबाखू आणि इतर अटी

त्वचापट जगणे वा मरणे हे ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून आहे आणि जी रुग्णाच्या हातात आहे, ती म्हणजे तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. देठातून येणारे रक्त टोकापर्यंत पोहोचत नाही. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद करण्यास सांगितले जाते. ‘मी ओढत नाही, फक्त मळून खातो’ हा बचाव इथे चालत नाही. मिश्री, गुटखा आणि तंबाखूची पुडी यांतही निकोटीनच असते. मधुमेह आटोक्यात हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या शल्यविशारदाला सांगाव्यात, पण हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता स्वतःहून बंद करू नयेत.

किरणोपचार लागणार असतील तर त्यांचा क्रम शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावा लागतो. किरण दिलेल्या जागेतील रक्तपुरवठा कमी होतो, जखमा रेंगाळतात आणि तिथे नाक घडविणे कठीण होते. स्क्वॅमस प्रकारात रोग मज्जातंतूंच्या आवरणात शिरल्याचे आढळले तर किरणोपचार टाळता येत नाहीत. म्हणून गाठ काढणारा, अहवाल देणारा, किरणोपचार करणारा आणि नाक घडविणारा असे सर्व तज्ज्ञ आरंभीच एकत्र बसणे हितावह असते.

रुग्णाने पहिल्या भेटीत विचारावे ते असे : कडा रोगमुक्त असल्याची खात्री कशी आणि केव्हा होईल, एकूण किती शस्त्रक्रिया व त्यांत किती अंतर, मधल्या काळात काम करता येईल का, आणि श्वास कसा राहील. रूपाचा प्रश्न सर्वजण विचारतात. श्वासाचा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि नंतर तक्रार बहुधा त्याचीच असते.

नाक भरून आल्यावरही तपासण्या थांबत नाहीत. एकदा बेसल सेल कार्सिनोमा झालेल्या व्यक्तीला चेहऱ्यावर दुसरीकडे तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा संपूर्ण चेहरा, कान, मान आणि टाळू तपासले जाते. स्क्वॅमस प्रकारात मानेतील गाठीही चाचपल्या जातात. नव्या नाकाच्या कडेला न भरणारी खपली, आतून रक्त येणे किंवा एका जागी वाढता बधिरपणा आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. व्रणाचा रंग स्थिरावण्यास वर्षभर लागते. तोवर त्यावर थेट ऊन पडले तर तो कायमचा काळा पडू शकतो. शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांना दिवसातून अनेकदा सनस्क्रीन लावणे परवडत नाही. रुंद काठाची टोपी, किंवा कपाळ व नाकावर सावली पडेल असा पुढे ओढलेला पदर वा उपरणे, त्यांच्या अधिक उपयोगाचे ठरते.